कॉलरखालचा धागा

३ नोव्हेंबर

खारू बाळा,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड लागलं म्हणून मी हरखले, तर आत एक पुठ्ठा आणि त्यावर चार-पाचच ओळी. तुमच्याकडे कागदाचा दुष्काळ पडलाय का गं? पण लिहिलंस, तेही माझ्यासाठी पुष्कळ.

विचारतेस, 'मावशी, माझं इथलं सगळं एकाएकी विसकटायला लागलंय, तुला काही ठाऊक आहे का?' आता मला इथे दुकानात बसून काय ठाऊक असणार? चष्म्याच्या काचा घासायचं तुमचं ते मोठं चाक तडकलं आणि मालकाने कारखान्याला कुलूप घातलं, हे वाईटच झालं. पण यंत्रंच ती, तडकायची. घरमालकीण खोली रिकामी कर म्हणते, कारण तिचा मुलगा परत येतोय. त्यात त्या बाईचं काय चुकलं? आणि कुठलीही बस पकडली तरी ती स्टेशनावरच नेऊन सोडते म्हणतेस, तर बाई, पाटी नीट वाचून चढत जा. मी शाळेचं तोंड न पाहिलेली, दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकले, तरी अजून कधी चुकीच्या बसमध्ये बसले नाही.

इथलं सगळं आहे तसंच आहे. मी खिडकीशी रफू करते, तुझी आई मागच्या टेबलाशी इस्त्री करते, आणि दिवसभर आम्ही एकमेकींच्या चुका काढतो. समोरचा किल्लीवाला म्हणतो, 'तुम्ही दोघी गप्प झालात की मला वाटतं, आज दुकान बंदच आहे.'

तुझ्या आईची तब्येत चांगली आहे. ती तुझ्याबद्दल काही बोलते का, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. तू निघालीस तेव्हा ती दारात आडवी उभी राहून म्हणाली होती, 'काचाच घासायच्या असतील तर जा. पण पुन्हा या दाराला हात लावायचा नाही.' ते बोलणं तू गाठीला बांधून घेतलंस. तिच्या जिभेला लगाम नाही, तुझ्या नाकावरचा राग उतरत नाही. एकाच ताग्यातलं कापड दोघींचं.

हां, एक राहिलंच. खुंटीवरच्या तुझ्या करड्या कोटाला कसर लागली होती. छातीशी बोराएवढं भोक पडलं होतं. ते मी रफू करून ठेवलंय.

थंडीत कानाला गुंडाळून बाहेर पड.

तुझी मावशी


१४ नोव्हेंबर

खारू,

तू वकील व्हायला हवी होतीस. माझ्या एवढ्या लांब पत्रातली एकच ओळ उचललीस आणि लिहिलंस, 'कोट नेमका कधी रफू केलास, ते सांग.'

सांगते. ज्या दिवशी तुझं चाक तडकलं, त्याच दिवशी मी शेवटचा टाका घातला. मागच्या पत्रात मी तुला बसच्या पाट्या वाचायला शिकवत होते ना, ते लिहिताना मला सगळं ठाऊक होतं. आता आडपडदा न ठेवता लिहिते.

रफू म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. बाहेरचा धागा चालत नाही, कितीही रंग जुळवला तरी तो उपरा दिसतो. म्हणून त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि भोकात विणायचा. वरून कापड अखंड दिसतं. आत कुठेतरी ते तेवढंच विरळ झालेलं असतं.

आमच्याकडे याच्यापुढचं एक काम होतं. तू लहान होतीस तेव्हा तुझ्या कानावर पडू दिलं नाही. माणूस आपला वापरातला कपडा आणायचा, मी सुई चालवत असताना मनातली इच्छा बोलून दाखवायचा, आणि भोक बुजलं की ती इच्छा पुरी व्हायची. हे माझ्या हातात कुठून आलं, ते मलाही कळलेलं नाही. पण नियम तोच राहिला. धागा त्याच्याच आयुष्यातून निघायचा, आतून, न दिसणाऱ्या जागेवरून.

कोपऱ्यावरच्या पाववाल्याने दुकानापुढे रांग मागितली. रांग लागली, अजून लागते. पण त्याला पावाचा वास येईनासा झाला. भट्टीतून ताजा पाव काढतो, नाकाशी धरतो, आणि खाली ठेवतो. त्याचं मला वाईट वाटलं होतंच, पण मी खरी घाबरले ती तिकीटघरातल्या कारकुनाला बघून. त्याची बायको गेली होती. पुन्हा एकदा तिचा आवाज ऐकू यावा, एवढंच त्याने मागितलं. आता त्याच्याच तोंडून तिचा आवाज येतो, त्याचा स्वतःचा गेला तो गेलाच. खिडकीतून मिशीवाला माणूस बाईच्या आवाजात विचारतो, 'कुठलं तिकीट देऊ?' लोक दचकतात. तो मात्र घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बोलत बसतो म्हणे, आणि सुखात आहे. त्याच्या त्या सुखाचीच मला भीती वाटली. त्यानंतर तुझ्या आईने नियम घातला, हे काम बंद, आणि आपल्या घरचं तर कधीच नाही.

आणि तीच तुझा कोट घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

'ताई, हे भोक बुजव.'

'ठेव तिथे. करते.'

'साधं नाही. ते दुसरं.'

मी सुई खाली ठेवली. 'धाकटे, नियम कोणी केला होता?'

'मी केला, मी मोडते. तुला काय त्याचं?'

'मागायचं काय आहे?'

'पोरगी घरी यावी. बस.'

'अगं मग दोन अक्षरं लिही. ये, एवढं लिही. तिकीट लावायला मी जाते.'

'मी नाही लिहिणार. दाराला हात लावू नको म्हटलंय मी तिला. आता कुठल्या तोंडाने लिहू?'

'ज्या तोंडाने म्हणालीस त्याच.'

'ताई, टोमणे नंतर मार. आधी कर.'

खूप समजावलं. ऐकली नाही. म्हणाली, 'धागा माझ्यातला घे, तिच्याकडचा एकही नको.' तो कोट मुळात तिचाच, तुला आठवत असेल. उसवून तुझ्या मापाचा केला होता. अंग तुझं झालं, पण कॉलर तिची तशीच राहिली. म्हणून मी कॉलरच्या खालून धागे काढले. म्हटलं, हिची झोप जाईल थोडी, फार तर गुडघे दुखतील. तेवढं सोसेल.

आता तुझ्याकडे काय चाललंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. कोणी तुझं वाईट करत नाहीये. तुला घराकडे ओढलं जातंय, आणि ज्या ज्या गोष्टीने तू तिथे धरून राहिली होतीस ती एकेक सुटतेय.

रफूवर अजून पाणी मारून इस्त्री फिरवलेली नाही, म्हणजे काम कच्चं आहे. कच्चं आहे तोवर उसवता येतं. एकदा ओला फडका ठेवून वाफेने दाबलं की धागे एकमेकांत बसतात, मग ब्रह्मदेव आला तरी सुटायचे नाहीत. तू घरी येशील आणि पुन्हा या गल्लीबाहेर तुझं पाऊल पडणार नाही. तुझी आई इस्त्री घेऊन मागेच लागली होती. 'दे इकडे, दाबून टाकते.' मी आजचं उद्यावर ढकलत राहिले. का, ते मलाच कळत नव्हतं. आतून कोणीतरी थांब म्हणत होतं.

तिच्याकडून काय गेलंय, ते अजून माझ्या ध्यानात आलेलं नाही. झोपते छान. गुडघेही ठीक.

रागावलीस तरी उत्तर लिही.

मावशी


२५ नोव्हेंबर

खारू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. 'तुम्ही दोघींनी मला विचारल्याशिवाय शिवून टाकलंत.' हे खरं आहे, चूक आमचीच. पण पुढे लिहितेस, 'तिच्यात माझ्यासाठी होतंच काय, म्हणून धागा निघणार?' त्याचं उत्तर आहे, आणि ते मला कालच सापडलं.

काल धाकटी एका शहराचा नकाशा घेऊन कोणाच्या तरी शर्टाला गुंडाळत होती. मी म्हटलं, 'हे काय करतेस?'

'कागद हवा होता.'

'तो नकाशा आहे.'

'असेल. टेबलाच्या गादीखाली कधीपासून पडलाय. कोणी ठेवला कोण जाणे.'

खारू, तिनेच ठेवला होता. तुझ्या शहराचा नकाशा. घड्या मोडाव्यात म्हणून त्यावर इस्त्री फिरवली होती आणि टेबलाच्या गादीखाली दडवला होता. रोज दुपारी मी डुलकी घ्यायला लागले की ती गादीचं टोक उचलून बघायची. तुझ्या गल्लीवर बोट ठेवायची. मी झोपेचं सोंग घेऊन सगळं बघत होते. तिला कळू दिलं नाही, तुला कळवलं नाही.

आणखी ऐक. दर शुक्रवारी ती साबण आणायला म्हणून जायची आणि तुझ्याकडून येणारी गाडी लागते त्या फलाटावर उभी राहायची. सगळे उतरले की परत यायची, साबण न घेताच. माझ्या कपाटात डोकावून 'अजून आहे का साबण? मग बरं झालं नाही आणला' असं म्हणायची. टपालवाला दिसला की, 'विजेचं बिल आलं का हो?' आमचं विजेचं बिल टपालाने येतच नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. तो बिचारा म्हणायचा, 'नाही हो, तिकडचं काही नाही आज.'

या दोन शुक्रवारी ती गेली नाही. टपालवाला आला, तर वर मानही केली नाही.

माझी चूक कळली का तुला? आमचा हातच तसा घडलेला. धागा काढायचा तो झाकलेल्या जागेवरून, दिसणाऱ्या भागाला धक्का लागता कामा नये. माणसातही मी तसाच काढला. आणि धाकटीने झाकून ठेवलेलं असं एकच काही होतं. राग तिने कधी झाकला नाही, हट्ट झाकला नाही, तोंडाळपणा तर गल्लीभर पसरलेला. तुझ्यावरची माया तेवढी आत दुमडून, वरून टाका घालून ठेवलेली. मी नेमकी तीच ओढून काढली. तुला घरी आणण्यासाठी तिचं जे काही तुझ्यासाठी होतं, ते खर्ची पडतंय.

काल संध्याकाळी तुझा विषय काढला. म्हणाली, 'कोण? ती आपल्याकडे कामाला होती ती? बरी होती. तोंडाने फटकळ.' आणि पुढची बाही ओढून घेतली.

मी म्हटलं, 'धाकटे, तो करडा कोट उसवू या.' ज्याने मागितलं त्याने, आपल्या मर्जीने, पहिला धागा ओढायचा असतो. माझ्या एकटीच्या हातांनी ते सुटत नाही. मी करून पाहिलं, सुई मोडली.

'कशाला? चांगला रफू केलेला दिसतोय.'

'मी सांगते म्हणून.'

'ताई, हा ढीग बघ आधी. तुला उसवायला सुचतंय, आणि इथे माझी पाठ मोडतेय. बाजूला हो, वाफ लागेल.'

म्हणून आता नीट वाच. येऊ नकोस. ती खोली सोडावी लागली तर दुसरीकडे राहा, मैत्रिणीकडे, कुठेही. तू उंबरा ओलांडलास की इच्छा पुरी झाली, आणि मग तिच्यात उरलेला शेवटचा धागाही त्यात जाईल. तुझ्यासमोर जी उभी राहील ती तुला ओरडेल, वेळेवर जेव म्हणेल, केस बांध म्हणेल, सगळं तसंच. खाली काही नसेल. तू आजवर जे समजत आलीस, तेच खरं होऊन बसेल.

कोट मी माझ्या पलंगाखाली ठेवलाय.

मावशी


४ डिसेंबर

खारू,

तुझी चिठ्ठी किल्लीवाल्याने आणून दिली. म्हणजे पोचलीसच. स्टेशनासमोरच्या लॉजमध्ये, इथून दोन गल्ल्यांवर! लिहितेस, 'मावशी, पाय थांबवून थांबत नाहीत. पलंगाची दांडी धरून बसलेय. तू सांगेपर्यंत दाराला हात लावणार नाही.' तुझ्या आईचेच शब्द तू माझ्या तोंडावर मारलेस, पण या वेळी मला बरं वाटलं.

दांडी सोड आता. सावकाश सोड, आणि बघ पाय काय म्हणतात. मग पुढचं वाच.

आज दुपारी मी जरा बाजूच्या दुकानात बटणं आणायला गेले होते. परत येते तो काय, धाकटीच्या टेबलावर तुझा कोट पसरलेला. माझा पलंग झाडायला गेली, कोट दिसला, गिऱ्हाइकाचा राहून गेला असेल म्हणून उचलून आणला. तिच्या दृष्टीने एक कपडा, बाकी काही नाही. इस्त्री तापलेली, फडका भिजवून पिळलेला, छातीशी बरोबर रफूवर अंथरलेला. माझ्या हातातली बटणं सांडली. मी टेबलाकडे धावले.

तिने इस्त्री उचलली. आणि तशीच हवेत धरून थांबली.

फडका बाजूला केला. बोटाने रफूच्या कडेकडेने चाचपलं. कोट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'ताई, हे तू केलंस?'

'हो.'

'तू?'

'हो गं बाई.'

'म्हातारी झालीस. किती ओढून घेतलंयस हे! चहूबाजूंनी कापड आवळलंय बघ. यावर मी वाफ दिली तर ही सुरकुती जन्मात निघणार नाही. एखादं भोक बुजवायचं म्हणून सगळा कोट कोणी खेचून घेतं का?'

मी म्हटलं, 'मग काय करायचं?'

'काय करायचं म्हणजे? उसवायचं. असलं काम मी दाबत नाही. माझ्या टेबलावरून आवळलेला कपडा गेलेला नाही कधी.'

आणि तिने केसांतली पिन काढली, टोकाने पहिला धागा उचलला आणि ओढला.

कोणी सांगितलं म्हणून नाही, खारू. तुझ्या ओढीने तर नाहीच. तू कोण हेच तिला ठाऊक नाही. तिच्या हाताला ते काम पटलं नाही, एवढंच. पण मर्जी तिची होती. माझी सुई ज्याच्यापुढे मोडली, ते धागे तिच्या पिनेपुढे भराभरा सुटत गेले. शेवटचा निघाला तेव्हा कापडाने श्वास सोडल्यासारखं झालं. भोक पुन्हा उघडं पडलं, आधीपेक्षा जरा मोठंच.

निघालेले धागे मी तळहातावर घेतले. वाकडे, पिळलेले. कॉलरखाली परत घालून पाहिले, बसले नाहीत. ते बसत नसतात, हे मला माहीत होतं. तरी पाहिले.

तुझ्यापासून काही लपवत नाही. गेलं ते गेलं. ती तुला ओळखणार नाही. नकाशा नाही, शुक्रवार नाहीत. जे होतं ते तुला कधी दिसलं नाही, आणि आता तू बघायला आलीस तर ते उरलेलं नाही. याच्यासाठी मला कधीही बोल लाव, मी ऐकून घेईन.

पण पुढे काय झालं, तेही ऐक. तिने कोट झटकला आणि विचारलं, 'कोणाचा आहे?'

'एका मुलीचा.'

'काय करते?'

खारू, तू त्या कामाला जायचं म्हणालीस तेव्हा हा प्रश्न तिने एकदा तरी विचारला होता का? तुझं काम म्हटलं की ती भांडी आपटायची. मी म्हटलं, 'चष्म्याच्या काचा घासते. दूर असते.'

'असं होय!' इस्त्री उभी करून ती चक्क स्टुलावर बसली. 'म्हणजे कसं? काच काय पाट्यावर घासतात का?'

मला काय येतंय त्यातलं! तू पत्रांत लिहिलेलं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं, चाक फिरतं, वरून पाणी सोडतात, बोटाला कळतं कुठे जाड राहिलीय ते. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, 'आपल्यासारखंच की मग. बोटाला कळतं.' असं म्हणाली ती, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

मग हळूच, समोरच्या किल्लीवाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणाली, 'ताई, मला हल्ली कापडाची वीण नीट दिसत नाही. आजही मी हाताने चाचपलं, डोळ्यांना कळलं नव्हतं. कोणाला बोलू नकोस. ती मुलगी कोट न्यायला आली तर तिला विचारशील का, माझ्या डोळ्यांना कसली काच लागेल?'

मी म्हटलं, 'तूच विचार.'

'ओळख ना पाळख. रागावली तर?'

'फटकळ आहे,' मी म्हटलं, 'पण काम चोख करते.'

तर बाळा, आता तुला कोणी ओढत नाही. लॉजच्या दारात कुठलीही बस पकड, पाटीवर जे लिहिलंय तिथेच ती जाईल. परत जायचं तर आजच्या आज जा, मी एका शब्दाने अडवणार नाही. कोट किल्लीवाल्याच्या हाती पाठवते. आणि यायचं असेल तर गिऱ्हाईक म्हणून ये. ती तुला अहो-जाहो करेल, ते सोसायची तयारी ठेव. एकदम आई म्हणून गळ्यात पडू नकोस, बिचकेल. स्टुलावर बस आणि तिच्या डोळ्यांचं काय होतंय, ते तिच्याच तोंडून सगळं ऐकून घे.

कोणाला सांगत नाही ते ती तुला सांगणार आहे.

तुझी मावशी